गोव्याच्या दमट हवेत दहा वर्षं टिकेल असा घरचा संगणक : बेताच्या पैशांत भाग कसे निवडावेत

संगणकाचे भाग कसे निवडावेत याबद्दलचे बहुतेक सल्ले गेम खेळणाऱ्यांनी गेम खेळणाऱ्यांसाठी दिलेले असतात, आणि तेही कोरड्या हवेच्या शहरांत बसून. सगळा भर वेगावर. आपल्याकडे मात्र घरचा संगणक संथ झाला म्हणून जात नाही. आषाढात एका सकाळी बटण दाबावं तर पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. किंवा मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात एक वीज कडाडते आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार सांगतो, ‘एसएमपीएस गेला, सोबत बोर्डही नेला.’ एसएमपीएस म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, बोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड.

याचं कारण हवेत आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात आणि ते धुळीबरोबर बोर्डावर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये पणजी, वास्को, काणकोण या किनारपट्टीवर आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्त असते. उन्हाळ्यात बोर्डावर निवांत पडून असलेली ती धूळ पावसाळ्यात वीज वाहून नेणारा ओलसर थर होते. तांबं हिरवं पडतं, जोडांवर गंज चढतो. आतल्या भागात, वाळपई-डिचोलीकडे मीठ कमी पोचतं, पण पाऊस जास्त आणि लाइट जाण्याचं प्रमाणही कमी नाही.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. पैसे आधी वीज आणि ओल सांभाळणाऱ्या भागांवर घालायचे, उरतील त्यात वेग घ्यायचा.

पहिलं पाऊल : काम कागदावर लिहा

घरात संगणकावर नेमकं काय होणार? मुलांचा अभ्यास, प्रोजेक्ट, यूट्यूब, व्हिडिओ कॉल, दुकानाचा जमाखर्च, सरकारी अर्ज, फोटो साठवणं. बहुतेक घरांची यादी इथेच संपते, आणि या यादीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते न घेतल्याने पैसे वाचतात, उष्णता कमी होते, पंखे हळू फिरतात आणि पंख्यांनी आत ओढलेली खारी हवाही कमी होते. घरात कोणी थ्रीडी किंवा व्हिडिओ एडिटिंग शिकत असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही कार्ड नंतर बसवता येतं, जागा मात्र आधी ठेवावी लागते.

मॉनिटर आणि यूपीएससकट ५० हजारांचं बजेट आहे असं समजून पुढचं वाचा. आकडा कमी-जास्त असला तरी प्राधान्यक्रम तोच राहतो.

दुसरं पाऊल : दुकानात जाण्याआधी घरचं अर्थिंग तपासा

हे कोणी सांगत नाही, कारण यात दुकानदाराला विकण्यासारखं काही नाही. वायरमनला बोलावून ज्या सॉकेटवर संगणक लागणार आहे तिथे मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढाच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तिथे दहा-वीस व्होल्ट दिसत असतील किंवा अर्थची तारच कुठे पोचत नसेल, तर कितीही महागडा संगणक घेतलात तरी तो उघड्यावर आहे.

आपल्या जांभ्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो आणि अर्थिंग कमकुवत होतं. नेमक्या त्याच दिवसांत, पावसाच्या तोंडावर, विजा जास्त असतात. जुन्या चिरेबंदी घरांत तर कित्येकदा खड्डा कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नसतं. तो शोधा, उन्हाळ्यात त्यात पाणी ओता, तार गंजली असेल तर बदला. संगणकाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि फ्रिज-टीव्हीलाही त्याचा फायदा होतो.

स्पाइक गार्डच्या नावाखाली मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्यांत अनेकदा एक स्विच आणि एक फ्यूज एवढंच असतं. वेष्टनावर सर्ज प्रोटेक्शनचा आकडा ज्युलमध्ये दिलेला असेल तरच घ्या, आणि अर्थिंग नसेल तर त्याचाही उपयोग तोकडाच. जवळ गडगडाट सुरू झाला की प्लग काढणं हा एकच खात्रीचा उपाय. प्लगसोबत राउटरकडून येणारी लॅनची केबलही काढा. इंटरनेट फायबरचं असेल तर फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटलाच लागलेला असतो. तिथून आलेला झटका लॅन केबलने मदरबोर्डापर्यंत पोचतो.

तिसरं पाऊल : एसएमपीएस आणि यूपीएस

भागांची निवड इथून सुरू करायची, प्रोसेसरपासून नव्हे. ५० हजारांतले सात-आठ हजार या दोन वस्तूंसाठी बाजूला काढा. दुकानात कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस घेऊच नका. तो मरतो तेव्हा एकटा मरत नाही.

ग्राफिक्स कार्ड नसलेला घरचा संगणक शांत असताना ३०-४० वॅट आणि ताणात शंभर-सव्वाशे वॅटच्या आसपास खातो. त्याला ४५० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरून उरतो. ७५० वॅटचा दुय्यम दर्जाचा घेण्यापेक्षा ४५० चा चांगला घ्या. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ ही खूण बघा, पण ती कार्यक्षमतेची खूण आहे, टिकाऊपणाची नव्हे. टिकाऊपणा कळतो वॉरंटीच्या वर्षांवरून. तीन वर्षांऐवजी पाच किंवा सात वर्षांची वॉरंटी देणाऱ्या कंपनीने आतले कपॅसिटर (वीज साठवून ती स्थिर ठेवणारे छोटे भाग) बरे वापरलेले असण्याची शक्यता जास्त. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात १०५ अंश सेल्सिअसचे कपॅसिटर असा उल्लेख आहे का तेही पाहा. स्वस्त एसएमपीएसमध्ये ८५ अंशांचे घालतात. कपॅसिटर जेवढा थंड तेवढा जास्त जगतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. खोलीचं तापमान मे महिन्यात ३३-३४ अंशांवर असताना हा फरक नुसता कागदोपत्री राहत नाही.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. त्याची खरी ताकद साधारण ३६० वॅट असते, म्हणजे मॉनिटरसकट काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात. आतली लेड-ॲसिड बॅटरी आपल्या उष्णतेत दोन-तीन वर्षांत थकते, तेव्हा १२ व्होल्ट ७ एएचची साधी, बाहेर सहज मिळणारी बॅटरी बसते असंच मॉडेल घ्या. घरी आणल्यावर एक चाचणी करा. संगणकावर व्हिडिओ वगैरे चालू ठेवून यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करा. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, आणि काही स्वस्त यूपीएसच्या ओबडधोबड विजेशी त्याचं जमत नाही. संगणक त्या क्षणी बंद पडला तर यूपीएस बदलून घ्या.

घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर यूपीएसचे पैसे कदाचित वाचतील. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह, म्हणजे लाइनीतल्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा असावा आणि त्यावर यूपीएस मोडचं बटण असावं, एवढ्या दोन अटी. साध्या मोडमध्ये चेंजओव्हरला, म्हणजे लाइट जाऊन बॅटरीवर यायला, लागणारा वेळ एसएमपीएसला झेपत नाही. पूर्ण भाराला तो जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये बदल त्याआधीच होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर मात्र त्यावर संगणक नको, आणि त्याच्या पुढे यूपीएस जोडण्याची युक्तीही नको. यूपीएसला ती वीज खराब वाटते आणि तो सारखा बॅटरीवर जात राहतो.

चौथं पाऊल : प्रोसेसर आणि मदरबोर्ड

‘पुढे प्रोसेसर बदलता यायला हवा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. एएमडीचा एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) २०१६-१७ पासून अनेक वर्षं चालला, तेव्हापासून या विचाराला जोर आला. २०२२ मध्ये आलेला एएम५ सॉकेटही लांब चालणार आहे. पण खरं सांगा, तुमच्या ओळखीत घरच्या संगणकाचा प्रोसेसर कोणी बदलला आहे? बदलतात ती रॅम, एसएसडी, एसएमपीएस. म्हणून भविष्यातल्या सॉकेटसाठी आज जास्त पैसे मोजण्याच्या मी विरुद्ध आहे.

मी बघतो त्या गोष्टी वेगळ्या. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स हवं. इंटेलच्या आकड्याच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर त्यात ते नसतं. दोन पैसे स्वस्त म्हणून दुकानदार तोच पुढे करतो आणि मग कार्ड घ्यावंच लागतं. दुसरं, उष्णता कमी हवी, ६०-६५ वॅटच्या वर्गातला पुरे. तिसरी गोष्ट सहसा सुटते: एव्ही१ पद्धतीने दाबून लहान केलेला व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडण्याची सोय. यूट्यूब ही पद्धत वाढत्या प्रमाणात वापरतं. ही सोय नसेल तर तेच काम प्रोसेसरला घाम गाळून करावं लागतं, आणि पाच वर्षांनी संगणक ‘जुना’ वाटू लागतो तो अशाच कारणांनी. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या आय३-१२१०० मध्ये ती आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स जास्त दमदार असूनही ती नाही. एएम५ वरच्या ८५००जी, ८६००जी मध्ये आहे.

माझी निवड अशी: अभ्यास-कार्यालयाच्या कामाला आय३-१२१०० किंवा त्याचा पुढचा भाऊ १४१००, चार कोर आणि आठ थ्रेड. थोडे पैसे जास्त असतील तर सहा कोरांचा आय५-१२४००. मुलं थोडेफार गेम खेळणार असतील तर ८६००जी, पण त्याला डीडीआर५ रॅम लागते आणि खर्च वाढतो. तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या दर्जाच्या इंटेल प्रोसेसरांमध्ये २०२४ साली अस्थिरतेचा दोष उघड झाला आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आपल्या बजेटचे आय३ त्या गोंधळात नव्हते. खोकाबंद प्रोसेसरच घ्या. त्याला तीन वर्षांची वॉरंटी आणि सोबत पंखा असतो, आणि तो पंखा या प्रोसेसरांना पुरेसा आहे.

बोर्ड निवडताना रंगीत दिव्यांकडे बघू नका. सॉलिड कपॅसिटर, प्रोसेसरशेजारच्या वीज देणाऱ्या चिपांवर धातूची पट्टी, एम.२ ची (एसएसडी बसते ती) निदान एक जागा, मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही. दोन्ही का, तर खाऱ्या हवेत एखादं पोर्ट लवकर रुसतं आणि तेव्हा दुसरं कामी येतं. वरच्या इंटेल प्रोसेसरांना एच६१० वर्गाचा बोर्ड चालतो. बी७६० मध्ये सोयी जास्त. काही खोक्यांवर दमटपणापासून संरक्षणाचा दावा छापलेला असतो. असला तर उत्तम, पण त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. एकाच किमतीच्या दोन बोर्डांत अडकलात तर ज्याचं सेवाकेंद्र गोव्यात आहे तो उचला. हे कंपनीच्या संकेतस्थळावर आधी तपासा. बोर्ड दुरुस्तीला मुंबई-बेंगळुरूला गेला की चवथीच्या आधी परत येईल या भरवशावर राहू नये.

पाचवं पाऊल : रॅम आणि एसएसडी

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला. एसएसडीही महागली. अशा वेळी १६ जीबीची एकच पट्टी घ्या आणि दुसरी जागा मोकळी ठेवा. दोन पट्ट्यांनी ग्राफिक्सला वेग मिळतो हे खरं, पण घरच्या कामात तो फरक जाणवण्याइतका नसतो, आणि दोनच जागांच्या बोर्डावर ८-८ च्या दोन पट्ट्या बसवल्या की वाढवताना एक काढूनच टाकावी लागते. फारच ओढाताण असेल तर आज ८ जीबी घेऊन पुढच्या वर्षी भर घाला. बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा हे आधी नक्की करा. बाराव्या पिढीसाठी दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात आणि रॅम एकमेकांत बसत नाही.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (एम.२ च्या जागेत बसणारी), पाच वर्षांच्या वॉरंटीची. लिहून लिहून ती झिजेल ही भीती सोडा. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं, जे घरात क्वचितच होतं, तरी वर्षाला सात-सव्वासात टेराबाइट, म्हणजे चाळीस वर्षं. एसएसडी मरते ती एकाएकी, न सांगता, आणि त्यातला डेटा सहसा परत मिळत नाही. घरातल्या लग्नाचे फोटो आणि दहावी-बारावीची कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसऱ्यांदा ठेवा. ती डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून.

सहावं पाऊल : कॅबिनेट

काचेच्या, दिव्यांच्या, सहा पंख्यांच्या कॅबिनेटचा मोह टाळा. किनाऱ्याजवळ जास्त हवा म्हणजे जास्त मीठ. १२० मिलिमीटरचे दोन पंखे पुढे हवा आत घेणारे, एक मागे बाहेर टाकणारा. आत जास्त आणि बाहेर कमी असं असलं की हवा जाळीच्या फिल्टरमधूनच येते, फटींतून धूळ ओढली जात नाही. फिल्टर हाताने काढून धुता येतो का ते दुकानातच करून बघा.

पत्रा हाताने दाबून पाहा. आतल्या कडा नुसत्या कापलेल्या, बिनरंगाच्या असतील तर पहिल्या पावसाळ्यात तिथून तांबेरा धरणार. पावडर कोटिंग आतूनही असावं. आणि मागच्या उभ्या पट्ट्यांच्या सगळ्या खाचा झाकलेल्या हव्यात. कौलारू घरात राहणाऱ्यांना कारण सांगायला नको: उबदार कॅबिनेट पाल, झुरळं आणि बारीक मुंग्या यांना फार आवडतं, आणि एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल स्वतःसकट बोर्डालाही घेऊन जाते.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, लादी पुसतानाचं पाणी आत जातं. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून निदान वीतभर दूर.

मॉनिटर २२-२४ इंची, आयपीएस, १९२०×१०८० पुरे. तो दोन संगणक पुरून उरतो, त्यामुळे तिथे हजारभर जास्त गेले तर जाऊ देत. कीबोर्ड-माऊस साधे, तारेचे. चिरेबंदी भिंतींतून वायफाय नीट पोचत नाही, म्हणून जमलं तर राउटरपासून लॅनची तार टाका.

जुना घ्यावा का?

कार्यालयांतून निघालेले संगणक स्वस्त मिळतात आणि बरेचदा मजबूत असतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिकेच्या पुढचा प्रोसेसर लागतो, त्याच्या मागचा घेऊ नका. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालवणार असाल तर सवलत आहे. छोट्या आकाराच्या कार्यालयीन संगणकांत एसएमपीएस आणि बोर्डाचे जोड बहुधा कंपनीचे खास असतात. तो भाग गेला की बाजारातला दुसरा बसत नाही. उघडून बघा: रॅमच्या खाचांत हिरवट डाग, कपॅसिटर फुगलेला, स्क्रूंवर गंज दिसला तर हात जोडून परत या.

बिल, जोडणी आणि पहिला महिना

प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी बिनबिलाचा व्यवहार केला की वॉरंटी कागदावरही उरत नाही. खोकी टाकू नका, बिलाचा फोटो काढून ठेवा. जोडणी दुकानात करून घेतलीत तर समोर उभे राहा आणि ठरलेलाच एसएमपीएस आत गेला का ते बघा. बदलाबदली होते ती तिथेच, कारण ग्राहक तो भाग कधी उघडून बघत नाही.

पहिल्या आठवड्यात मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. रॅम खराब निघायची असेल तर ती परत घेण्याच्या मुदतीतच निघावी.

पावसाळ्याची निगा

मेच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरात कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर ते उलटं गरगरतं. फिल्टर धुऊन पूर्ण वाळवा. ‘रॅम काढून पुन्हा बसवली की चालू होतो’ हा दुकानातला उपाय खरा आहे, कारण पट्टीच्या सोनेरी कडेवर मळ धरतो. पण खोडरबराने दरवेळी घासलं तर सोन्याचा पातळ मुलामाच जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस पुरतो. प्रोसेसरवरची पेस्ट चार-पाच वर्षांनी बदला.

जून ते सप्टेंबर संगणक रोज तास-दोन तास चालू ठेवा, काम नसलं तरी. आतली ऊब ओल बाहेर काढते. प्लास्टिकचं कव्हर घालायचंच असेल तर संगणक पूर्ण थंड झाल्यावर, आणि पावसाळ्यात तर कापडीच बरं, कारण प्लास्टिकखाली ओल कोंडते.

घरातली माणसं बोटीवर किंवा आखातात आणि घर चार-सहा महिने कुलपात, अशी स्थिती असेल तर जाण्याआधी सगळे प्लग काढा, यूपीएस पूर्ण चार्ज करून त्याचंही बटण बंद करा, आणि रॅम व एसएसडी काढून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. शेजाऱ्याकडे किल्ली असेल तर यूपीएस दोन-तीन महिन्यांनी एक दिवस चार्जला लावायला सांगा. रिकामी पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा उठत नाही. परत आल्यावर लगेच बटण दाबू नका. खिडक्या उघडून, पंखा लावून, कॅबिनेटचं झाकण काढून एक दिवस तसंच राहू द्या, मग भाग बसवा.